कमी दाबाचा पट्टा आणि तुमचं बीपी : पाऱ्याच्या एका नळीची गोष्ट

पावसाळ्यात बातम्या लावल्या की 'बंगालच्या उपसागरात कमी दाबाचा पट्टा' हे शब्द कानावर पडतातच. मग काहीजण विचारतात, "डॉक्टर, हवेचा दाब कमी झाला म्हणून माझं बीपीही लो झालं असेल का?" याचं उत्तर 'नाही' असं आहे. पण प्रश्न वेडगळ नाही, कारण दोन्ही दाब मोजायची युक्ती एकच आहे.

नळीचा जन्म

१६४४ च्या सुमारास इटलीत टॉरिचेली याने काचेची लांब नळी पाऱ्याने भरून पाऱ्याच्याच भांड्यात उलटी उभी केली. पारा थोडा उतरला आणि सुमारे ७६ सेंटीमीटरवर थांबला. भांड्यातल्या पाऱ्यावर बाहेरची हवा दाब देते आणि त्या दाबाने नळीतला पारा तोलून धरला जातो, हे त्याने ओळखलं.

हे खरं असेल तर उंचावर, जिथे डोक्यावर हवा कमी, तिथे पारा उतरायला हवा. १९ सप्टेंबर १६४८ रोजी पास्कलचे मेहुणे पेरिए नळी घेऊन फ्रान्समधला पुई द डोम हा डोंगर चढले. वर पारा सुमारे ८ सेंटीमीटर खाली आला. पायथ्याशी दुसरी नळी ठेवली होती आणि एक धर्मगुरू दिवसभर तिच्यावर लक्ष ठेवून होते. तिथला पारा हलला नाही. औषधांच्या चाचणीत आज आपण तुलनेसाठी दुसरा गट ठेवतो, तसाच हा प्रकार.

पारा उतरला, वादळ आलं

एकाच जागी ठेवलेल्या नळीतला पाराही हवामानाबरोबर वरखाली होतो, हे लवकरच लक्षात आलं. १६६० मध्ये जर्मनीतल्या ऑटो फॉन गेरिके याने दाब झपाट्याने घसरलेला पाहून वादळाचा अंदाज सांगितला, आणि वादळ आलं.

असं का होतं? जिथे दाब कमी, तिथे आजूबाजूची हवा धावते. जमिनीलगत गोळा झालेली हवा वर चढते, थंड होते, तिच्यातल्या बाष्पाचे ढग बनतात. जास्त दाबाच्या जागी उलट घडतं : हवा खाली उतरते, तापते आणि आकाश निरभ्र राहतं.

ऑक्टोबर १८५९ मध्ये 'रॉयल चार्टर' हे जहाज वेल्सच्या किनाऱ्यावर वादळात फुटलं आणि चारशेहून अधिक माणसं दगावली. ब्रिटनच्या हवामान खात्याचे प्रमुख रॉबर्ट फिट्झरॉय यांनी त्यानंतर तारायंत्राने ठिकठिकाणचे दाब मागवून १८६१ पासून बंदरांना वादळाचे इशारे द्यायला सुरुवात केली. अंदाज चुकले की त्यांची टिंगल व्हायची. १८६५ मध्ये त्यांनी आत्महत्या केली. पुढे इशारे काही काळ बंद पडले, पण ते पुन्हा सुरू करावे लागले.

आता तुमचं बीपी

१८९६ मध्ये इटलीचेच डॉक्टर रिव्हा-रोच्ची यांनी दंडाला पट्टा बांधून पाऱ्याच्या नळीवर रक्तदाब मोजला. म्हणून बीपी आजही 'मिलीमीटर पारा' यातच सांगतात. मात्र १२० म्हणजे हवेच्या दाबापेक्षा १२० ने जास्त. हवेचे ७६० मिलीमीटर शरीराच्या आतबाहेर सारखेच असतात, त्यामुळे ते मोजमापात येत नाहीत.

साध्या कमी दाबाच्या पट्ट्यात हवेचा दाब काही मिलीमीटरच घटतो. मुंबईहून महाबळेश्वरला गेलात तर तो शंभर मिलीमीटरहून अधिक घटतो, तरी तुमचं बीपी तेवढं खाली येत नाही.

ढगाळ हवेत गुडघे दुखतात का, यावर बरेच अभ्यास झाले, पण निष्कर्ष एकसारखे नाहीत. दुखत असेल तर ते दुखणं खरंच आहे, गुडघे उबदार ठेवा, हालचाल चालू ठेवा. थंडीत मात्र अनेकांचं बीपी थोडं वाढतं.

म्हणून बातम्या ऐकून बीपीची गोळी बंद करू नका. घेरी येत असेल तर बीपी मोजा आणि आपल्या डॉक्टरांना दाखवा. कमी दाबाच्या बातमीवर छत्री घ्या, आणि मच्छीमार असाल तर होडी किनाऱ्यावरच ठेवा.