दाद न देणारे जंतू आणि धुतलेले हात

औषधांना दाद न देणाऱ्या जंतूंचा बंदोबस्त कसा करावा, यासंबंधीची आपली कृतियोजना मध्य प्रदेश शासनाने जुलै २०१९ मध्ये भोपाळ येथे जाहीर केली. केरळनंतर अशी योजना आखणारे ते देशातील दुसरे राज्य होय. सरकारी कागद पुष्कळदा कपाटातच राहतात. परंतु या कागदामागचा प्रश्न थेट पाळण्यापाशी जाऊन पोहोचतो. या जंतूंचा अत्यंत निर्दय घाला पडतो तो इस्पितळातील अतिदक्षता विभागात ठेवलेल्या नवजात अर्भकांवर.

या प्रश्नाचा इतिहास जंतूंचा शोध लागण्यापूर्वीच सुरू होतो. १८४७ साली व्हिएन्नाच्या प्रसूतिगृहात इग्नाझ सेमेलवाइस नावाचा तरुण वैद्य काम करीत होता. शवविच्छेदन करून आलेले विद्यार्थी तसेच बाळंतिणींना तपासतात, हे त्याने हेरले आणि क्लोरीनयुक्त चुन्याच्या पाण्याने हात धुण्याची सक्ती केली. एप्रिलमध्ये शेकडा १८ वर गेलेले बाळंतिणींच्या मृत्यूचे प्रमाण जूनमध्ये सुमारे २ वर आले. तरीही अनेक नामांकित वैद्यांना त्याचे म्हणणे पटले नाही. आपल्याच हातून मृत्यू पसरतो, हे मान्य करणे कोणालाही जड जाते.

पुढे पेनिसिलिन आले आणि हात धुण्याचा कंटाळा औषधाच्या भरवशावर झाकता येईल, असे वाटू लागले. पुण्याजवळ पिंपरी येथे १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्स ही संस्था स्थापन झाली आणि पुढच्याच वर्षी तेथे पेनिसिलिन तयार होऊ लागले, तेव्हा देशाला झालेला आनंद रास्तच होता. परंतु अपुऱ्या मात्रेने जंतू औषधाला सरावतात, असा इशारा पेनिसिलिनचा शोध लावणाऱ्या फ्लेमिंगनेच १९४५ साली दिला होता. तो लवकरच खरा ठरला. १९५३ च्या सुमारास ऑस्ट्रेलियातील प्रसूतिगृहांत पेनिसिलिनला न जुमानणारा स्टॅफिलोकॉकस जातीचा एक जंतू अर्भकांना ग्रासू लागला आणि काही वर्षांतच तो ब्रिटन व अमेरिकेपर्यंत पोहोचला.

हा जंतू एका पाळण्यातून दुसऱ्या पाळण्यात जातो कसा? १९६० च्या सुमारास अमेरिकेतील क्लीव्हलँड येथील संशोधकांनी याचा छडा लावला. जंतू बाळगणाऱ्या अर्भकाला हाताळून हात न धुता परिचारिका दुसऱ्याकडे गेली, तर त्यालाही जंतू लवकर व अधिक प्रमाणात जडत असे. त्याच खोलीतील, पण तिच्या हाताचा स्पर्श न झालेली अर्भके बहुतांशी बचावत. दोष हवेचा नव्हता. जंतूंची वाहतूक मायेच्या हातांवरून चालली होती. मग अर्भकांना हेक्झाक्लोरोफीन या जंतुनाशकाने न्हाऊ घालण्याची प्रथा पडली. पण ते कातडीतून शरीरात भिनून मेंदूला इजा करते असे दिसताच १९७१-७२ मध्ये तिला आळा घालावा लागला.

आज शत्रूची नावे बदलली आहेत. दिल्लीतील तीन इस्पितळांत २०११ ते २०१४ या काळात १३,५३० नवजात अर्भकांची पाहणी झाली. रक्तात जंतुदोष पसरवणाऱ्यांत असिनेटोबॅक्टर व क्लेबसिएला हे जंतू आघाडीवर होते. असिनेटोबॅक्टरपैकी शेकडा ८२ आणि क्लेबसिएलापैकी शेकडा ५४ जंतू एकाच वेळी अनेक प्रकारच्या औषधांना निर्ढावलेले आढळले. हात धुण्याचे भांडे, नळ, सलाइनची नळी, अनेकांसाठी वापरलेली औषधाची बाटली, जेथे ओल तेथे त्यांचा मुक्काम. शिवाय प्रतिकाराची विद्या ते आपल्या शेजारच्या जंतूंनाही देतात. दिवस भरण्यापूर्वी जन्मलेल्या, कातडी कागदासारखी पातळ असलेल्या जीवाने त्यांच्याशी कसे झुंजावे?

अशी साथ उठली की नव्या औषधाची वाट पाहत बसता येत नाही. बाधित अर्भके वेगळी ठेवावी लागतात, त्यांच्यासाठी परिचारिकाही वेगळ्या नेमाव्या लागतात. नळ, बाटल्या व उपकरणे तपासावी लागतात. प्रसंगी नवे रुग्ण घेणे थांबवावे लागते. रक्ताच्या तपासणीवाचून औषधांचा मारा लांबवू नये, हेही तितकेच महत्त्वाचे. १९७८ साली कोलंबियातील बोगोटा येथे काचपेट्या अपुऱ्या पडल्या आणि संसर्ग वाढला, तेव्हा वैद्यांनी अर्भकांना आईच्या उराशी उघड्या अंगाने ठेवण्यास प्रारंभ केला. आईची ऊब आणि आईचे दूध हेही या लढाईतील शस्त्रच ठरले.

भोपाळला हा विचार परका नाही. १९०१ ते १९२६ या काळात राज्य करणाऱ्या सुलतान जहाँ बेगम यांच्या कारकिर्दीत दायांना रीतसर शिक्षण देण्यावर भर होता. बाळंतपण सुखरूप व्हायचे तर प्रथम ते करणारे हात शिकले पाहिजेत, हेच त्यामागचे सूत्र होते. २०१९ च्या योजनेचे यशही त्याच सूत्रावर अवलंबून आहे. मात्र तो भार एकट्या परिचारिकेवर टाकणे अन्यायाचे होईल. एका परिचारिकेच्या गळ्यात दहा अर्भके बांधायची, नळाला पाणी नाही, साबण संपलेला, आणि तिला स्वच्छतेचा उपदेश करायचा, याला योजना म्हणता येत नाही. तिला पाणी, साबण व सोबतीण देणे हे शासनाचे आणि इस्पितळाचे कर्तव्य आहे. औषधे हरत आली असता जे हात अजूनही बाळाला वाचवू शकतात, त्यांना रिकामे सोडून कसे चालेल?