आढाव्यांची तीन घराणी

‘आढावा’ हा मुळात हिशेबातला शब्द. जमा किती, खर्च किती, शिल्लक काय, हे एका कागदावर मांडायचे म्हणजे आढावा. संशोधकही तेच करतो. नवे काम हाती घेण्यापूर्वी आधीच्यांनी काय लिहून ठेवले आहे, ते तो तपासतो. मात्र हा हिशेब मांडण्याच्या रीती अनेक आहेत आणि रीत बदलली की उत्तरही बदलते.

पहिली रीत जाणकाराची. १८९८ मध्ये न्यायमूर्ती रानडे यांनी मराठी वाङ्मयाच्या वाढीवर इंग्रजीत एक टिपण लिहिले. छापील पुस्तकांची मोजदाद करून कोणत्या विषयात किती भर पडली, हे त्यांनी पाहिले. मुंबई विद्यापीठाच्या परीक्षांत मराठीला स्थान मिळावे म्हणून ते झटत होते, त्या काळातले हे लेखन. अशा आढाव्यात लेखकाचा व्यासंग हेच तारण असते. त्याने काय घेतले आणि काय वगळले, हे वाचकाला सहसा तपासता येत नाही.

दुसरी रीत सूचीकाराची. शंकर गणेश दाते यांनी १८०० ते १९३७ या काळातील मराठी ग्रंथांची सूची तयार केली. येथे बऱ्यावाईटाचा निवाडा नाही. जे छापले गेले, त्याची नोंद आहे. हल्ली ज्याला व्याप्ती-आढावा म्हणतात, तो याच घराण्यातला. कुठे गर्दी आहे आणि कुठे रान मोकळे आहे, ते त्यातून कळते. खरे काय, ते मात्र कळत नाही.

तिसरी रीत गणितज्ञाची. १९०४ मध्ये कार्ल पिअर्सन यांनी विषमज्वराच्या लसीबद्दलचे आकडे एकत्र करून तपासले. ते आकडे हिंदुस्थानातील आणि दक्षिण आफ्रिकेतील ब्रिटिश सैनिकांचे होते. अनेक अभ्यासांची अशी बेरीज करण्याच्या रीतीला १९७६ मध्ये जीन ग्लास यांनी ‘मेटा-अॅनालिसिस’ हे नाव दिले. शोध कुठे घेणार, कोणते अभ्यास वगळणार, हे आधीच जाहीर करण्याची शिस्त १९९३ मध्ये स्थापन झालेल्या कॉक्रन संस्थेने वैद्यकात रुजवली.

हे सारे ग्रंथालयापुरते असते, तर मी तुमचा वेळ घेतला नसता. मी वाकोल्याचा रहिवासी. आमचा भाग महापालिकेच्या एच-पूर्व विभागात येतो. मुंबईतील ज्या सहा विभागांच्या झोपडवस्त्यांत ‘स्नेहा’ या संस्थेने एक मोठा प्रयोग केला, त्यांत हा विभागही होता. एकूण ४८ वस्त्या निवडल्या गेल्या. त्यांपैकी २४ वस्त्यांत महिलांचे गट बसवून गरोदरपण, बाळंतपण आणि नवजात बाळ यांवर चर्चा घडवली. २०१२ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाला. बाळंतपणाच्या सेवा घेण्यात फरक पडला नव्हता आणि नवजात बालकांचे मृत्यूही घटले नव्हते.

पुढच्याच वर्षी ‘लॅन्सेट’मध्ये नेपाळ, बांगलादेश, मलावी आणि भारत येथील अशा सात प्रयोगांचा एकत्रित आढावा आला. मुंबईचा प्रयोग त्यात धरलेला होता. बेरजेचे उत्तर असे: नवजात बालकांचे मृत्यू २३ टक्क्यांनी आणि मातांचे ३७ टक्क्यांनी कमी.

आता खरे कोणाचे? केवळ मुंबईचे वाचणारा म्हणेल, महिला गट बंद करा. केवळ बेरीज वाचणारा म्हणेल, प्रत्येक चाळीत गट काढा. पण त्याच आढाव्यात पोटविभागणीही आहे. जिथे किमान ३० टक्के गरोदर स्त्रिया गटांत आल्या, तिथे फायदा अधिक दिसला. मुंबईत सहभाग त्याहून बराच कमी होता. शिवाय येथे बहुतेक बाळंतपणे आधीच रुग्णालयात होत होती. खेड्यातल्या घरगुती बाळंतपणात स्वच्छता आणि ऊब यांविषयीची जाग जीव वाचवू शकते. शहरात, मला वाटते, प्रश्न रुग्णालयाच्या दारापलीकडचा आहे.

म्हणून ‘संशोधनातून सिद्ध झाले आहे’ असे कोणी सांगितले, की तीन गोष्टी विचाराव्यात. हा आढावा एका जाणकाराचे मत आहे, नोंदवही आहे, की बेरीज? त्यात काय वगळले? आणि ज्या वस्तीसाठी निर्णय घ्यायचा, तिच्यासारखी वस्ती त्यात होती का? तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर सरासरीत सापडत नाही. त्यासाठी मूळ अभ्यास उघडावा लागतो.

(नभोवाणी भाषणाचा संपादित अंश)