मोटारीतील सुरक्षापट्टा, एअरबॅग आणि बालआसन

सुरक्षापट्टा (सीटबेल्ट), एअरबॅग आणि बालआसन ही मोटारीतील प्रवाशांचे अपघातात रक्षण करणारी तीन परस्परपूरक साधने आहेत. ही साधने अपघात टाळत नाहीत, अपघात घडल्यावर शरीराला होणारी इजा कमी करतात. तिन्हींत सुरक्षापट्टा मूलभूत मानला जातो. एअरबॅगची रचना पट्टा बांधलेल्या प्रवाशाला गृहीत धरूनच केलेली असते, तर ज्या लहान मुलांना मोठ्यांचा पट्टा नीट बसत नाही त्यांच्यासाठी बालआसन वापरले जाते. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते पट्टा बांधल्याने वाहनातील प्रवाशाच्या मृत्यूचा धोका ५० टक्क्यांपर्यंत कमी होतो, तर बालआसनाच्या वापरामुळे तान्ह्या मुलांचे मृत्यू ७१ टक्क्यांपर्यंत टळू शकतात.

भारत सरकारच्या रस्ते वाहतूक व महामार्ग मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ साली देशात पट्टा न बांधलेल्या १६,७१५ व्यक्ती रस्ते अपघातांत मरण पावल्या. त्यांपैकी ८,३८४ चालक आणि ८,३३१ सहप्रवासी होते. म्हणजे पट्टा ही केवळ चालकाची गरज आहे, हा समज आकडेवारीशी जुळत नाही.

भौतिक तत्त्व

धावत्या मोटारीतील प्रत्येक व्यक्ती आणि वस्तू मोटारीच्याच वेगाने पुढे जात असते. मोटार एखाद्या अडथळ्यावर आदळून थांबली, तरी जडत्वामुळे आतील शरीर त्याच वेगाने पुढे जात राहते. अशा वेळी तीन धडका होतात. पहिली धडक मोटारीची अडथळ्याशी, दुसरी शरीराची मोटारीच्या अंतर्भागाशी आणि तिसरी शरीरातील मेंदू, यकृत, प्लीहा आदी अवयवांची हाडांशी. पट्टा दुसरी धडक टाळतो किंवा सौम्य करतो. तो शरीराला थांबण्यासाठी थोडा अधिक वेळ आणि थोडे अधिक अंतर देतो, तसेच आघात श्रोणी, छाती आणि खांदा या बळकट भागांवर विभागतो.

ताशी ५० किलोमीटर वेगाने होणारी धडक ही सुमारे १० मीटर उंचीवरून, म्हणजे साधारण तिसऱ्या मजल्यावरून, खाली पडण्याच्या तोडीची असते. या वेगाची मोटार एक दशांश सेकंदात थांबली, तर मांडीवरील १० किलो वजनाचे मूल धरून ठेवण्यासाठी सुमारे १४० किलो वजन पेलण्याइतके बळ लागते. ज्वारीच्या भरलेल्या एक क्विंटलच्या पोत्यापेक्षाही हा भार अधिक आहे. कोणत्याही आईवडिलांचे हात तो क्षणार्धात पेलू शकत नाहीत. म्हणून मूल मांडीवर घट्ट धरले की ते सुरक्षित असते, ही समजूत चुकीची ठरते. उलट, पट्टा न बांधलेली प्रौढ व्यक्ती पुढे फेकली गेल्यास मांडीवरचे मूल तिच्या आणि पुढील आसनाच्या मध्ये चिरडले जाते.

इतिहास

खांदा आणि कंबर या दोन्हींना आधार देणारा आजचा तीनबिंदू पट्टा व्होल्वो या स्वीडिश कंपनीतील अभियंता निल्स बोलिन यांनी तयार केला. १९५९ साली तो मोटारींत बसवला जाऊ लागला. कंपनीने त्याचे पेटंट इतर उत्पादकांसाठी खुले ठेवले. पट्टा बांधण्याची सक्ती करणारा कायदा १९७० साली ऑस्ट्रेलियातील व्हिक्टोरिया राज्याने केला. एअरबॅगच्या कल्पनेसाठी अमेरिकेतील जॉन हेट्रिक यांना १९५३ मध्ये पेटंट मिळाले, परंतु ती मोटारींत रूढ होण्यास १९८० चे दशक उजाडावे लागले. मागे तोंड करून बसण्याच्या बालआसनाचा पहिला नमुना स्वीडनमधील प्राध्यापक बर्टिल आल्डमन यांनी १९६० च्या दशकात विकसित केला.

सुरक्षापट्टा बांधण्याची पद्धत

पट्ट्याचा कमरेचा भाग पोटावर न ठेवता त्याखाली, श्रोणीच्या हाडांवर सपाट बसवावा. पोटावर असलेला पट्टा धडकेच्या वेळी आतड्यांना व यकृताला इजा करू शकतो. खांद्याचा भाग गळपट्टीच्या हाडाच्या मध्यावरून आणि छातीच्या मधून जावा. तो मानेला घासू नये व खांद्यावरून घसरू नये. टोचतो म्हणून तो काखेखालून किंवा पाठीमागून घेतल्यास बरगड्या मोडण्याचा आणि शरीर पुढे झेपावण्याचा धोका असतो. पट्ट्याला पीळ किंवा सैलपणा नसावा. आसनाची पाठ फार मागे कललेली असल्यास शरीर पट्ट्याखालून घसरू शकते. एका पट्ट्यात दोघांनी बसू नये.

गर्भवती स्त्रियांनीही पट्टा बांधणे आवश्यक आहे. कमरेचा भाग पोटाच्या उंचवट्याखाली आणि खांद्याचा भाग स्तनांच्या मधून, पोटाच्या बाजूने घ्यावा. साडी नेसलेली असल्यास पदराचा गोळा पट्ट्याखाली येऊ देऊ नये, कारण त्यामुळे पट्टा अंगाला सपाट बसत नाही.

पट्टा न बांधता केवळ सूचक घंटी बंद व्हावी म्हणून बकलमध्ये अडकवण्याच्या पट्ट्या बाजारात मिळत असत. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने २०२३ साली पाच ऑनलाइन विक्री संकेतस्थळांना त्या हटवण्याचे आदेश दिले. त्यानंतर अशा वस्तूंच्या १३,११८ नोंदी काढून टाकण्यात आल्या.

एअरबॅग

धडकेचा वेग ठरावीक मर्यादेपलीकडे गेल्याचे संवेदकांनी ओळखले की रासायनिक प्रक्रियेतून वायू निर्माण होतो आणि पिशवी सुमारे ३० ते ५० सहस्रांश सेकंदांत फुगते. पापणी लवण्याच्या आतच हे सारे घडते. फुगून झालेल्या पिशवीतील वायू लगेच छिद्रांवाटे बाहेर पडू लागतो, त्यामुळे तिच्यावर आदळणारे डोके हळूहळू थांबते.

एअरबॅग मऊ उशीसारखी भासली, तरी फुगतानाचा तिचा आघात तीव्र असतो. पट्टा न बांधलेली व्यक्ती ब्रेक लागताच पुढे सरकते आणि फुगत असलेल्या पिशवीच्या तोंडाशी येते. म्हणूनच एअरबॅग हा पट्ट्याला पर्याय नाही. चालकाची छाती आणि स्टिअरिंगचा मध्य यांत किमान २५ सेंटिमीटर अंतर असावे आणि हात स्टिअरिंगच्या दोन्ही बाजूंना धरलेले असावेत. पुढच्या प्रवाशाने डॅशबोर्डवर पाय ठेवू नयेत.

पुढील बाबींमुळे एअरबॅगच्या कार्यात अडथळा येऊ शकतो:

- प्रवाशाच्या एअरबॅगच्या झाकणावर चिकटवलेली देवाची मूर्ती, नारळ वा शोभेची वस्तू. पिशवी फुगताना अशी वस्तू प्रवाशाच्या चेहऱ्यावर फेकली जाते. झाकणावर सामान्यतः एअरबॅगची खूण कोरलेली असते. मूर्ती ठेवायचीच असल्यास ती या झाकणापासून दूर, पक्की बसवलेली आणि लहान असावी.
- आसनात बाजूची एअरबॅग असताना घातलेले, तिची जागा झाकणारे जाड सीटकव्हर.
- मोटारीपुढे बसवलेली लोखंडी जाळी किंवा क्रॅशगार्ड. त्यामुळे धडकेचे बळ संवेदकांपर्यंत वेगळ्या रीतीने पोहोचते. केंद्र सरकारने २०१७ मध्ये असे गार्ड अनधिकृत ठरवून राज्यांना कारवाईची सूचना दिली.

गाडी सुरू करताना एअरबॅगचा दिवा काही क्षण लागून विझला पाहिजे. तो लागलेलाच राहिला किंवा मुळीच लागला नाही, तर यंत्रणेत बिघाड असू शकतो. जुनी गाडी विकत घेताना ही तपासणी विशेष महत्त्वाची ठरते.

बालआसन

मोठ्यांसाठी बनवलेला पट्टा लहान मुलाच्या मानेवर आणि पोटावर येतो. म्हणून मुलाचे वजन, उंची आणि वय यांनुसार वेगवेगळी आसने वापरली जातात. भारतीय मानक एआयएस ०७२ मध्ये त्यांचे वजनानुसार गट आहेत: १० किलोपर्यंत, १३ किलोपर्यंत, ९ ते १८ किलो, १५ ते २५ किलो आणि २२ ते ३६ किलो.

तान्ह्या मुलाचे डोके शरीराच्या मानाने जड आणि मान नाजूक असते. मागे तोंड केलेल्या आसनात धडकेचे बळ पाठ, मान आणि डोके यांवर एकसमान विभागले जाते. आसनाच्या मर्यादेत मूल जितका काळ बसू शकेल तितका काळ त्याला मागे तोंड करूनच बसवणे इष्ट मानले जाते. त्यानंतर पुढे तोंड केलेले, अंतर्गत पट्ट्यांचे आसन वापरतात. मूल त्यातही मावेनासे झाले की मोठ्यांचा पट्टा योग्य जागी यावा म्हणून उंचवटा देणारे बूस्टर वापरले जाते. पाठ आसनाला टेकलेली असताना गुडघे आसनाच्या कडेवर वळत असतील, कमरेचा पट्टा मांड्यांच्या वरच्या भागावर आणि खांद्याचा पट्टा खांद्याच्या मध्यावर येत असेल, तेव्हाच मूल केवळ मोटारीच्या पट्ट्याने बसू शकते.

मागे तोंड केलेले बालआसन सक्रिय एअरबॅग असलेल्या पुढच्या आसनावर कधीही ठेवू नये. पिशवी फुगताना ती आसनाच्या पाठीवर, पर्यायाने मुलाच्या डोक्यावर आदळते आणि जीवघेणी इजा होऊ शकते. मुलांसाठी मागील आसन अधिक सुरक्षित असते. थंडीत बाळाला जाड सोलापुरी चादरीत गुंडाळून मग पट्टे बांधल्यास धडकेच्या वेळी कापड दबते आणि पट्टे सैल पडतात. म्हणून आधी पट्टे आवळून मग वरून चादर पांघरावी. पट्ट्याचे कापड खांद्यापाशी बोटांच्या चिमटीत धरता येत नसेल, तर तो पुरेसा घट्ट आहे असे समजतात.

भारतातील कायदा

केंद्रीय मोटार वाहन नियमावलीतील नियम १३८ नुसार चालक, त्याच्या शेजारील प्रवासी आणि पुढे तोंड केलेल्या मागील आसनांवरील प्रवासी या सर्वांनी पट्टा बांधणे बंधनकारक आहे. मोटार वाहन अधिनियमात २०१९ च्या दुरुस्तीने कलम १९४ब समाविष्ट झाले. त्यानुसार पट्टा न बांधता वाहन चालवणे किंवा पट्टा न बांधलेले प्रवासी नेणे यांस १,००० रुपये दंड आहे. १४ वर्षांखालील मुलाला पट्टा अथवा बालआसन यांनी सुरक्षित न केल्यासही १,००० रुपये दंडाची तरतूद आहे.

चालकाची एअरबॅग १ जुलै २०१९ पासून नव्या मोटारींत अनिवार्य झाली. पुढील प्रवाशाच्या एअरबॅगची सक्ती २०२१ मध्ये टप्प्याटप्प्याने लागू झाली. १ ऑक्टोबर २०२३ पासून भारत एनकॅप ही मोटारींच्या सुरक्षेचे मूल्यमापन करणारी ऐच्छिक योजना अमलात आली. तिच्यात प्रौढ आणि बाल प्रवाशांच्या सुरक्षेला स्वतंत्र तारे दिले जातात. दुचाकीवरील नऊ महिने ते चार वर्षे वयाच्या मुलांसाठी हेल्मेट, चालकाला जोडणारा सुरक्षापट्टा आणि ताशी ४० किलोमीटरची वेगमर्यादा असे नियम २०२२ मध्ये अधिसूचित होऊन १५ फेब्रुवारी २०२३ पासून लागू झाले.

मागील आसनाचा प्रश्न

मागे बसणाऱ्याला पट्ट्याची गरज नसते, हा समज महाराष्ट्राशी संबंधित दोन घटनांनंतर विशेष चर्चिला गेला. केंद्रीय ग्रामविकासमंत्री गोपीनाथ मुंडे यांचे ३ जून २०१४ रोजी दिल्लीत मोटार अपघातानंतर निधन झाले. ते मागील आसनावर बसले होते. पट्टा बांधला असता तर त्यांचे प्राण वाचू शकले असते, असे मत तत्कालीन केंद्रीय आरोग्यमंत्री हर्षवर्धन यांनी व्यक्त केले. ४ सप्टेंबर २०२२ रोजी पालघर जिल्ह्यात चारोटीजवळ सूर्या नदीवरील पुलावर उद्योगपती सायरस मिस्त्री यांची मोटार कठड्यावर आदळली. मागे बसलेले मिस्त्री व त्यांचे एक सहप्रवासी मरण पावले, तर पुढील दोघे गंभीर जखमी होऊनही वाचले. मागील दोघांनी पट्टा बांधला नव्हता, असे पोलिसांनी सांगितले. त्यानंतर १ नोव्हेंबर २०२२ पासून मुंबईत सर्व प्रवाशांना पट्टा सक्तीचा असल्याचे वाहतूक पोलिसांनी जाहीर केले. मागील प्रवाशाने पट्टा न बांधल्यास पुढच्यांनाही धोका असतो, कारण समोरासमोरच्या धडकेत त्याचे शरीर पुढच्या आसनावर वेगाने आदळते.

सोलापूर परिसरातील संदर्भ

सोलापूर हे पुणे–हैदराबाद मार्गावरील राष्ट्रीय महामार्ग ६५ आणि तुळजापूर–विजयपूर दिशेचा राष्ट्रीय महामार्ग ५२ यांच्या संगमावर आहे. पंढरपूर, तुळजापूर, अक्कलकोट आणि गाणगापूर येथे देवदर्शनाला जाणाऱ्या कुटुंबांची वाहने या परिसरातील रस्त्यांवर बारमाही असतात. अशा प्रवासात आसनांपेक्षा अधिक माणसे बसवली की पट्टे अपुरे पडतात आणि मुले मांडीवर येतात. वाहनात जितके पट्टे तितकेच प्रवासी, हा हिशेब निघण्यापूर्वीच करणे हा त्यावरील उपाय होय. अक्कलकोट किंवा तुळजापूर जवळ आहे म्हणून पट्टा न बांधणेही तितकेच धोक्याचे, कारण धडकेचा आघात प्रवासाच्या अंतरावर नव्हे, तर त्या क्षणीच्या वेगावर अवलंबून असतो.

सोलापूरच्या उन्हाळ्यात तापमान ४० अंश सेल्सिअसच्या वर जाते. उन्हात उभ्या मोटारीतील धातूचे बकल मुलाच्या त्वचेला भाजू शकते, म्हणून बसवण्यापूर्वी ते हाताने तपासावे. बंद मोटारीत मुलाला एकटे सोडणे अल्पकाळही जीवघेणे ठरू शकते.

अपघातानंतर

मोठ्या धडकेनंतर पट्टे ताणले गेलेले असतात व बालआसनात न दिसणारे तडे असू शकतात. त्यामुळे दोन्ही बदलावीत. फुगलेली एअरबॅग पुन्हा वापरता येत नाही, ती अधिकृत कार्यशाळेतूनच नव्याने बसवून घ्यावी. पट्ट्याने अंगावर उमटलेल्या वळांखाली अंतर्गत इजा असू शकते, म्हणून वरवर बरे वाटले तरी डॉक्टरांकडून तपासणी करून घेणे आवश्यक असते. महाराष्ट्रात रुग्णवाहिकेसाठी १०८ आणि आपत्कालीन मदतीसाठी ११२ हे क्रमांक उपलब्ध आहेत.