मडगार्डची कड आणि रुंद टायर

मंद्रूपच्या काळ्या रानातून पावसात सायकल काढली, की चिखल टायर आणि मडगार्डमधल्या फटीत ठासून बसतो, चाक जाम होते आणि माणूस बांधावर बसून काटकीने तो कोरत राहतो. रुंद टायर मऊ जमिनीत कमी रुततो, म्हणून तो बसवण्याचा मोह होतो. पण टायर जेवढा रुंद, तेवढी फट अरुंद. पत्र्याचे जुने मडगार्ड फाकवून ही फट परत मिळवता येईल का?

आधी मापे पाहू. टायरच्या बाजूवर ४७-५५९ असा आकडा असतो. पहिला भाग टायरची रुंदी, दुसरा रिमवर तो बसतो तिथला व्यास, दोन्ही मिलिमीटरमध्ये. टायरची उंची साधारण रुंदीइतकीच असते. म्हणून ५४-५५९ बसवला, तर तो ७ मिलिमीटर रुंद होतोच, शिवाय चाकाची त्रिज्याही जवळपास तेवढीच वाढते. मडगार्डला आता दोन्हीकडून मोठे व्हायचे आहे.

पेच इथेच आहे. मडगार्डला दोन वाक असतात : एक चाकाभोवतीचा लांब, दुसरा आडवा, पन्हळीसारखा. कड माथ्यापेक्षा चाकाच्या मध्याजवळ असते, म्हणून तिची लांबी माथ्यापेक्षा कमी. समजा, माथ्याची त्रिज्या ३४० आणि पन्हळीची खोली २५ मिलिमीटर आहे. कडा फाकवून खोली २२.५ केली, तर कड बाहेर सरकते. मोठ्या त्रिज्येवर तिला जास्त लांबी हवी, पण ती मिळत नाही. मग सगळे मडगार्ड आत वळते आणि त्रिज्या ३०६ वर येते. हवी होती ३४७. रुंद करायला गेलो आणि ते चाकालाच आवळले.

गाउस या गणितज्ञाने १८२७ मध्ये मांडलेला सिद्धान्त हेच सांगतो : पत्रा न ताणता वाकवला, तर त्याच्या दोन मुख्य वाकांचा गुणाकार बदलत नाही. एक सैल केला, की दुसरा घट्ट होतो. डाळिंबाच्या सालीचा तुकडा पाटावर दाबून सपाट करा. काठ फाटतो, कारण त्याला लांबी कमी पडते.

म्हणजे इलाज कडेत आहे, आणि तो आकड्यात लहान आहे : ८० सेंटिमीटर कडेमागे साडेसात मिलिमीटर, एक टक्क्याहूनही कमी. कड ऐरणीवर किंवा रुळाच्या तुकड्यावर टेकवून हलक्या हातोडीने ओळीने ठोकत गेले, की पत्रा तिथे पातळ होऊन लांबतो. थोडे फाकवायचे, थोडे ठोकायचे, चाकावर लावून पाहायचे. एका जागी जोरात मारले, तर कडेला लाटा पडतात.

मर्यादाही आहेत. आत वळवलेली गोल कड ताणायला चिवट असते. ठोकून पत्रा कडक होतो. मुलामा असेल, तर तो तडकतो आणि पावसाळ्यात तिथूनच गंज धरतो. आधाराच्या काड्यांनी ओढून जबरदस्तीने बसवलेले मडगार्ड ताण धरून राहते आणि खडबडीत रस्त्यावर भोकापाशी चिरते.

चाक धरणाऱ्या चिमट्यापाशी मात्र उलटे करावे लागते. तिथे जागा ठरलेली असते, म्हणून तेवढ्याच भागात कडा आत दाबायच्या. त्याने तिथला लांब वाक थोडा उघडतो, तोही फायद्याचाच. पण टायर चिमट्यालाच घासत असेल, तर मडगार्डवर हातोडी उचलूच नये. चाक फिरवून आधी एवढे पाहावे. आणि फट मोजताना चिखलाची जाडी धरावी. कोरड्या चाकाला पुरणारी फट मृगात पुरत नाही.