रॉबर्ट हचिन्स : ज्ञानाची जबाबदारी

विद्यापीठ नेमके कशासाठी असते, हा प्रश्न रॉबर्ट हचिन्स यांनी आयुष्यभर धरून ठेवला. १९२९ साली, अवघे तीस वर्षांचे असताना, ते शिकागो विद्यापीठाचे प्रमुख झाले. अभिजात ग्रंथांचे वाचन हा शिक्षणाचा पाया, असे ते मानत. विद्यापीठाला खेळाचा आखाडा होऊ द्यायचे नाही म्हणून १९३९ मध्ये त्यांनी फुटबॉल संघच बंद केला. त्या संघाच्या मैदानावरील प्रेक्षकसज्जाखाली २ डिसेंबर १९४२ रोजी एन्रिको फर्मी यांच्या चमूने पहिली नियंत्रित अणुसाखळी प्रक्रिया घडवून आणली. हिरोशिमानंतर हचिन्स जागतिक राज्यघटनेचा मसुदा करणाऱ्या समितीचे अध्यक्ष झाले. १९४८ मध्ये तो मसुदा प्रसिद्ध झाला. त्याला भाबडेपणा म्हणणे सोपे आहे. आपल्या आवारात जन्मलेल्या ज्ञानाचे उत्तरदायित्व स्वीकारणारा प्रशासक मात्र आम्हांस विरळाच वाटतो.