न दिसणाऱ्या भेगेचा शोध

जुन्या ट्रकचं इंजिन विकत घेणाऱ्याला सगळ्यात मोठी धास्ती असते ती हेडची. रिंगा झिजल्या असतील तर धूर सांगतो, बेअरिंग गेलं असेल तर आवाज सांगतो. हेडला भेग असेल तर मात्र थंड इंजिन बहुधा गप्प बसतं.

ही भेग बऱ्याचदा दोन झडपांमधल्या अरुंद पट्टीत पडते. पट्टीच्या एका बाजूला दोन हजार अंश सेल्सिअसच्या आसपास पोचणारे वायू, दुसऱ्या बाजूला फिरणारं पाणी. तापलेली पट्टी प्रसरण पावू पाहते, भोवतालचा थंड धातू तिला पसरू देत नाही. ती दाबली जाते. फारच तापली तर कायमची आखडते. इंजिन निवलं की हीच आखडलेली पट्टी ताणली जाते. ट्रकचं हेड सहसा बिडाचं, आणि बीड दाब सोसतं त्याच्या तिसऱ्या-चौथ्या हिश्श्याइतकाच ताण सोसतं. तापलेल्या इंजिनात घाईने गार पाणी ओतणं म्हणूनच महागात पडतं.

केसापेक्षा बारीक भेग पाहायची कशी, हा प्रश्न ट्रकच्या आधी आगगाडीला पडला होता. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात रेल्वेच्या कारखान्यांत सुटे भाग रॉकेलने पातळ केलेल्या जुन्या काळ्या तेलात बुडवत, पुसत आणि वर स्पिरिटमध्ये कालवलेली खडूची पूड फासत. मग हातोड्याचा ठोका. भेगेत मुरलेलं तेल पांढऱ्या खडूवर काळी रेघ काढी. केशाकर्षणाचा इतका स्वस्त उपयोग आम्हाला तरी दुसरा आठवत नाही.

दुसरी वाट चुंबकाची. इंग्लंडमध्ये सॅक्सबी यांनी 1868 साली चुंबकित तोफेच्या नळीजवळून होकायंत्र फिरवून दोष शोधल्याची नोंद आहे. पहिल्या महायुद्धानंतर अमेरिकेत विल्यम होक यांच्या लक्षात आलं, की चुंबकी पकडीत धरलेल्या पोलादी तुकड्यावर घासकामाचा कीस भेगेपाशीच रांग धरतो. भेगेपाशी बलरेषा बाहेर पडतात आणि कीस तिथे चिकटतो. त्यांना 1922 साली पेटंट मिळालं. द फॉरेस्ट आणि डोन यांनी 1934 साली मॅग्नाफ्लक्स कंपनी काढून हे तंत्र बाजारात आणलं. बलरेषांना समांतर असलेली भेग मात्र यात निसटते, म्हणून दोन दिशांनी चुंबकन करावं लागतं. अॅल्युमिनियमच्या हेडला तर ही युक्ती लागूच नाही. तिथे 1940 नंतर स्विट्झर बंधूंचं चमकणारं रंगद्रव्य कामी आलं. तत्त्व तेल-खडूचंच, फक्त पाहायचं अतिनील प्रकाशात.

वर्गात यासाठी करवतीचं जुनं पातं पुरेल. त्याला मध्ये खाच पाडा, पातं चुंबकित करा आणि कागदाखाली ठेवून वर लोखंडाचा कीस भुरभुरा. टोकांखेरीज तो कुठे जमतो ते विद्यार्थ्यांनाच सांगू द्या.

गिऱ्हाइकाने मात्र हेड उतरवून तपासून घ्यावं: पाण्याच्या वाटा बंद करून आत हवा भरायची, हेड गरम पाण्यात बुडवायचं आणि बुडबुडे पाहायचे. पाणी गरमच हवं, कारण काही भेगा धातू तापल्यावरच उघडतात. भेग सापडली म्हणजे हेड भंगारात, असंही नाही. झडपांमधली उथळ चीर काही उत्पादक ठरावीक मर्यादेपर्यंत चालवून घेतात; पाण्याच्या वाटेपर्यंत पोचलेली भेग मात्र कोणीच नाही.