सहा महिन्यांची इमारत आणि टेबलावरची आगगाडी

आपल्या समाजातील कितीतरी घरांत एके काळी रेल्वेचा किंवा पोस्ट-तार खात्याचा पगार येत असे. सिग्नल, सांधे, केबिन, ट्रंककॉल हे शब्द आपल्या वाचकांना समजावून सांगावे लागत नाहीत. म्हणूनच अमेरिकेतील ही हकीकत येथे देत आहोत. तिच्यात रेल्वे आणि टेलिफोन या दोन्ही खात्यांचे सामान एकाच टेबलाखाली आले आहे.

बोस्टनजवळ केंब्रिज येथे एम.आय.टी. हे प्रसिद्ध तांत्रिक विद्यापीठ आहे. महायुद्धात, १९४३ साली, रडारच्या संशोधनासाठी तेथे घाईने एक तीन मजली लाकडी इमारत उभारली. तिला नाव नव्हते, नुसता नंबर : बिल्डिंग २०. लढाई संपल्यावर सहा महिन्यांत ती पाडायची होती. पण सैन्यातून परतलेल्या विद्यार्थ्यांची गर्दी झाली, जागा पुरेना, आणि इमारत राहिली. विद्यार्थ्यांनी १९४६च्या सुमारास स्थापलेल्या टेक मॉडेल रेलरोड क्लबने तिच्यातच आपला संसार थाटला.

त्यांच्या गाड्या खऱ्या गाडीच्या सत्त्याऐंशीव्या हिश्शाच्या. दोन रुळांमधले अंतर साडेसोळा मिलिमीटर, म्हणजे १४३५ मिलिमीटर गेजचे लहान रूप. इस्राएलमध्ये धावते तेच हे गेज. आपल्या बोरीबंदरच्या गाडीचे ब्रॉडगेज १६७६चे. ते या मापाने एकोणीस मिलिमीटरहून थोडे अधिक भरले असते.

क्लबात दोन तऱ्हेची मंडळी होती. काही जण डोंगर, घरे, डबे रंगवीत. बाकीचे टेबलाखाली शिरून तारा जोडीत. या दुसऱ्यांच्या समितीचे नाव सिग्नल्स अँड पॉवर. आमच्या मते खरा इतिहास या टेबलाखालच्यांनी घडवला. वेस्टर्न इलेक्ट्रिक ही टेलिफोन सामान बनवणारी कंपनी कॉलेजांना रिले देणगी देत असे, ते त्यांनी मिळवले. रुळांचे ब्लॉक पाडले होते. टेलिफोनची डायल फिरवून ब्लॉकचा नंबर लावला की त्या ब्लॉकची वीज नंबर लावणाऱ्याच्या हाती येई. १९६२पर्यंत असे सुमारे १२०० रिले झाले होते. अपघात होतोसे दिसले की सर्व थांबवणारी बटणे खोलीत जागोजागी होती. कोणी बटण दाबले की घड्याळ बंद पडून त्यावर ‘फू’ अशी अक्षरे उमटत.

१९५९ साली क्लबच्या खास बोलीचा एक छोटा शब्दकोशही तयार झाला. त्यात ‘हॅक’ हा शब्द आहे. आज हॅकर म्हटले की बँकेतले पैसे पळवणारा डोळ्यांसमोर येतो; या पोरांच्या तोंडी तो शब्द चोरीचा नव्हता. पुढे त्यांतलीच काही मुले विद्यापीठाच्या संगणकांकडे वळली, आणि १९६२चा ‘स्पेसवॉर’ हा अगदी सुरुवातीच्या संगणक-खेळांपैकी एक खेळ त्यांच्या हातून झाला.

सहा महिन्यांची इमारत पंचावन्न वर्षे टिकली. १९९८ साली ती पाडली. क्लबला एन-५२ या दुसऱ्या इमारतीत जागा मिळाली खरी, पण टेबलावरची रेल्वे बहुतेक हलवता आली नाही; मोडावीच लागली. पन्नास वर्षांत एकावर एक जोडत गेलेल्या तारा ट्रंकेत भरून नेण्यासारख्या नसतात.

१९९९ साली नव्याने बांधकाम सुरू झाले. रिलेंचे काम आता सुमारे चाळीस छोट्या मायक्रोकंट्रोलर चिपा आणि त्यांच्यावरचा एक संगणक करू लागले. काळ मात्र त्यांनी १९५०च्या दशकाचाच ठेवला, कारण तेव्हा वाफेची आणि डिझेलची इंजिने एकाच लाइनीवर धावत, म्हणजे सभासदाने कोणतेही इंजिन आणले तरी शोभते. बाजूला विद्यापीठाच्या उंच ग्रीन बिल्डिंगची प्रतिकृती उभी केली. तिच्या खिडक्यांतले दिवे लावून-मालवून टेट्रिसचा खेळ खेळता येई. खऱ्या ग्रीन बिल्डिंगच्या खिडक्यांत हा खेळ विद्यार्थ्यांनी २०१२ साली खेळून दाखवला. टेबलावरच्या इमारतीत तो आधीच चालू होता.